ग्रहणाच्या मधोमध

मैसूर, १२ जानेवारी २०२५

भुवन,

अभिनंदन. तुझं काँट्रॅक्ट आणखी तीन वर्षांनी वाढलं, हे मला तुमच्या वेधशाळेच्या बातमीपत्रातून कळलं. जगभरातल्या ज्या हजारो लोकांना ते जातं, त्यांच्यासोबत, त्यांच्याच वेळी. पहिल्या पानावर कुठल्याशा दूरच्या दीर्घिकेत सापडलेल्या पाण्याच्या वाफेची बातमी, तिच्याखाली तुमच्या नव्या यंत्राची, आणि त्या यंत्रापाशी हेल्मेट घालून हसणारा तू. 'भुवन घोरपडे २०२८पर्यंत चिलीत आमच्यासोबत राहणार आहेत, याचा आम्हांला आनंद आहे.' त्यांना आनंद आहे. मला विचारलं असतं तर मीही काहीतरी सांगितलं असतं.

मामंजींना फोटो दाखवला. चष्मा पुसून बघितला आणि म्हणाले, "बारीक झालाय." मग म्हणाले, "येतो कधी म्हणे?" मी म्हटलं, ते छापलेलं नाही. तुझे वडील जन्मभर अश्वदलात होते. सुट्टी नामंजूर होणं त्यांना कळतं. सुट्टी न मागणारा माणूस त्यांना कळत नाही.

मराठीत लिहितेय म्हणून आश्चर्य वाटेल. फोनवर तू 'नेटवर्क' म्हणतोस आणि संपतं. इंग्रजीत लिहायला बसले की मी 'तू बरा असशील अशी आशा आहे' इथून सुरुवात करते आणि भांडण तिथेच मरतं. कन्नडात लिहिलं असतं, पण विद्यापीठात, मानसगंगोत्रीच्या त्या कँटीनमध्ये आपण जे बोललो ते सगळं कन्नडात होतं, ते मला खराब करायचं नाही. उरली ही घरची भाषा. माझी मराठी तोकडी आहे, पण रागाला पुरते.

ठरलं काय होतं? तू आधी जाणार, मी पीएचडी संपवून मागून येणार. आले होते ना मी. तुझ्या व्हिसावर आलेल्या बायकोला तिथे काम करता येत नव्हतं, तर समुद्राकडच्या त्या दोन खोल्यांत बसून स्पॅनिश क्रियापदं पाठ केली. मग मामंजी पडले, खुबा मोडला. दोघांपैकी एकाने परत जायचं होतं. कोणी, यावर आपण चर्चासुद्धा केली नाही. तू माझं तिकीट काढलंस, आणि मी तुला थँक्यू म्हटलं.

साकु. पुरे झालं. मुद्द्याचं लिहिते.

बातमीपत्राच्या शेवटच्या पानावर 'संधी' असतात. या वेळी एक माझ्या कामाची आहे. सभासद देशांबाहेरच्या संशोधकांना दुर्बिणीचा थोडा वेळ मिळू शकतो, प्रपोजल चांगलं असेल तर. मी माझ्या ताऱ्यासाठी अर्ज करणार आहे. अर्जात 'वेधशाळेत कुणी नातेवाईक आहे का' असा प्रश्न आहे, तिथे तुझं नाव लिहीन. बाकी तू काही करायचं नाहीस. शब्द टाकायचा नाही, मसुदा बघायचा नाही, 'सहज आठवलं' म्हणून लिंक पाठवायची नाही.

काव्या


मैसूर, ३० मार्च २०२५

भुवन,

लिंक पाठवू नकोस म्हटलं होतं. तू चार पाठवल्यास. एकही उघडली नाही.

अर्ज गेला. तो लिहायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त आमच्या अनंतकृष्ण सरांच्या सहीला लागला. प्राचार्यांची सही हवी, संस्थेची संमती म्हणून. तीनदा गेले. पहिल्यांदा ते तपासणी समितीच्या फायलीत बुडालेले होते. दुसऱ्यांदा म्हणाले, "मॅडम, हे बेंगळुरूच्या लोकांचं काम. आपण डिग्री कॉलेज."

मी म्हटलं, "सर, तारा बेंगळुरूतूनही तेवढाच लांब आहे."

ते हसले नाहीत. तिसऱ्यांदा विचारलं, "कॉलेजला याचा खर्च नाही ना? आणि सुट्टी मागणार नाही ना?" मी दोन्हीला नाही म्हटलं. मग केली सही, तीही चुकीच्या रकान्यात.

घरी मामंजींनी विचारलं, एवढं काय आहे त्या ताऱ्यात. त्यांना सांगितलं ते तुलाही लिहिते. तुला माहीत आहे, पण नीट ऐकून घेतल्याला तुला बरीच वर्षं झालीत.

बक तारकासमूहात, दक्षिणेला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक तारा आहे. दर एकतीस वर्षांनी त्याच्यासमोरून काहीतरी प्रचंड, काळपट, चपटं असं सरकत जातं आणि तारा चार-पाच महिने मंद होतो. ती धुळीची चकती असावी. आणि जुन्या काळी काचेवर घेतलेल्या फोटोंवरून मला असं वाटतं, की ग्रहणाच्या अगदी मधोमध, तीन-चार दिवस, तो तारा किंचित उजळतो. म्हणजे चकतीला मधे भोक आहे. त्या भोकातून येणारा प्रकाश मोठ्या दुर्बिणीने रंगांत फोडून बघितला, तर आत काय चाललंय ते कळेल. कदाचित तिथे ग्रह तयार होत असतील. या वेळच्या ग्रहणाचा मध्य या सप्टेंबरात आहे.

मामंजी म्हणाले, "आणि चुकलं तर?"

मी म्हटलं, "पुढचं येईल तेव्हा मी तुमच्याएवढी असेन."

ते म्हणाले, "मग चुकवू नको."

काव्या


मैसूर, ६ जुलै २०२५

भुवन,

मिळाला वेळ! तुला माझ्याआधी कळलं असणार, पण तू गप्प राहिलास, त्याबद्दल खरंच आभार. समितीने लिहिलंय, 'विज्ञान भक्कम, वेळ निसटणारी, मागणी माफक.' माफक मागण्याची मला सवय आहे.

मामंजींनी बन्नीमंटपच्या मैदानावर चालायला येणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. सून चिलीतली दुर्बीण फिरवणार, अशी बातमी झाली आहे. दुर्बीण तुमचे लोक फिरवणार आणि मी घरी बसणार, हे सांगून त्यांचा हिरमोड केला नाही.

कॉलेजने फलक लावला. गेटवर, माझ्या पीएचडीच्या वेळच्या फोटोसह. 'ज्योतिष संशोधनात आंतरराष्ट्रीय यश.' खगोल नाही, ज्योतिष. मी सरांकडे गेले, तर म्हणाले, "छापून आलंय मॅडम, आता बिडु, सोडून द्या." दुसऱ्या दिवशी ऑफिसातले दोघं आणि एका विद्यार्थिनीची आई पत्रिका घेऊन स्टाफरूममध्ये आले. ती आई फारच चांगली होती. मी तारे बघते, भविष्य नाही, असं सांगितल्यावर म्हणाली, "मग तारे बघून काय करता?"

पत्रिका परत देऊन मी वर्गावर निघून गेले. त्याचा राग दिवसभर राहिला.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे कोण ड्यूटीवर असणार, तेही कळलं. कुणी फ्रेंच बाई आहेत. चांगलं आहे. तू त्यांना त्रास देऊ नकोस.

आज, असं वाटतं, मी थोडी बरी लिहितेय तुला.

काव्या


मैसूर, १८ सप्टेंबर २०२५

अहवाल आला. 'निरीक्षण सुरू केले. तातडीच्या कार्यक्रमासाठी थांबवले. मिळालेली माहिती वापरण्यायोग्य नाही. ड्यूटीवर: भु. घो.'

भु. घो.?

फोन उचल.


मैसूर, २८ सप्टेंबर २०२५

भुवन,

त्या दिवशी फोनवर मी नीट बोलू शकले नाही. आता दसऱ्याच्या गर्दीने रस्ते बंद आहेत, कॉलेजला सुट्टी आहे, आणि माझ्याकडे वेळच वेळ आहे. आपलं बोलणं जसं झालं तसं लिहून काढते. चुकलं असेल तर सांग.

तुमची रात्र म्हणजे आमची सकाळ. मी परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरव्हिजनवर होते. मुलं पेपर लिहीत होती आणि मी मनात म्हणत होते, आता घुमट उघडला असेल, आता तारा यंत्रात आला असेल. आठवीत असताना खिडकीतून धूमकेतू शोधायचे, तसं वाटत होतं. हॉलमधून बाहेर येऊन मोबाईल उघडला आणि ती ओळ वाचली.

घरी आल्यावर तू एकदाचा फोन उचललास. मी विचारलं, "यादीत दुसरं नाव होतं. तू तिथे कसा?"

तू म्हणालास, "बदलून घेतली ड्यूटी."

"का?"

"तुझा तारा होता, काव्या. मला बघायचा होता."

मी क्षणभर राग विसरले, हे तुला कळलं असेल. मी विचारलं, मग थांबवलं कशाला.

"दूरच्या एका दीर्घिकेत स्फोट झाला होता. काही तासांत विझणारा. असं काही आलं की चालू काम थांबवायचं, हा नियम आहे."

"ताबडतोब?"

"नियमात तसंच आहे."

"भुवन, तूच सांगायचास. तातडीचं काम ज्यांचं असतं, त्या टीमला ड्यूटीवरच्या माणसाने विचारायचं असतं. हातातलं एवढं पूर्ण करू द्या म्हणून. लोक विचारतात आणि समोरचे बहुतेक वेळा हो म्हणतात."

"विचारता येतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुझं काम होतं म्हणून. उद्या कुणी म्हणालं असतं, बायकोसाठी दुर्बीण अडवून धरली."

"म्हणजे मी दुसऱ्या कुणाची बायको असते, तर मला तो वेळ मिळाला असता."

नेटवर्क उत्तम होतं त्या दिवशी. तुझा श्वास ऐकू येत होता. 

मला दिलेल्या नंतरच्या दोन्ही रात्री वाऱ्यामुळे घुमट उघडला नाही. वाऱ्याला मी काय बोलणार. आणि मग मधला भाग सरला.

मी दहा दिवस हेच घोळवतेय. ती फ्रेंच बाई माझी कुणी नाही. ती विचारती. कसलाही विचार न करता, सवयीने विचारती. तू तिला बाजूला सारून तिथे बसलास, माझ्यावरच्या प्रेमाने, आणि मग त्या प्रेमाला घाबरून माझंच काम सगळ्यात आधी सोडलंस. दुष्टपणाने केलं असतंस तर भांडायला सोपं गेलं असतं.

मामंजी शेजारी बसून सगळं ऐकत होते. "दे इकडे, मी बोलतो त्याच्याशी," म्हणून फोन ओढून घेतला. मला वाटलं, आता अश्वदलातला तो आवाज निघणार. त्यांनी विचारलं, "जेवलास का?" ऐकून घेतलं आणि फोन परत माझ्या हातात दिला.

काव्या


मैसूर, १९ ऑक्टोबर २०२५

भुवन,

या महिन्याचं बातमीपत्र मी पेपर तपासणीच्या केंद्रावर वाचलं. पहिल्या पानावर तो स्फोट. इतका जुना प्रकाश याआधी क्वचितच पकडला गेला, वगैरे. खरंच सुंदर काम आहे, मी मूळ लेखही वाचला. शेवटी, 'भुवन घोरपडे यांच्या तत्पर निर्णयाबद्दल विशेष आभार.' माझा तारा सातव्या पानावरच्या तक्त्यात आहे. 'अपूर्ण. कारण: हवामान.' हवामान! पहिल्या रात्रीचं तरी खरं लिहायचं.

तुझं पत्र आलं. मराठीत लिहिलंस, कष्ट पडले असतील. माफी मागितलीस ती वाचली. पण खाली पुन्हा लिंक. तुमच्याकडची तीन वर्षांची फेलोशिप. 'तुला नक्की मिळेल. इथे ये. मग असं काही होणारच नाही.'

काय होणार नाही? प्रत्येक वेळी संधी तिथेच का असते, आणि तिच्याकडे चालत जायचं ते मीच का? मामंजी आता काठीने जिना उतरतात. सकाळी मैदानावर जातात, तिथे त्यांना ओळखणारे लोक आहेत. त्यांना त्या वाळवंटात घेऊन येऊ? की इथे शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवू? तुझ्या पत्रात त्यांच्याबद्दल एक ओळ आहे, 'बाबांचं काहीतरी बघता येईल.' हे काहीतरी गेली चार वर्षं मी आहे.

आता दुसरं. हे मी कुणाला तरी सांगितलंच पाहिजे आणि ज्याला पूर्ण कळेल असा दुर्दैवाने तूच आहेस.

तुमचा अहवाल आला त्याच दुपारी मी, रडून झाल्यावर, मंद होणारे तारे हौसेने बघणाऱ्यांच्या एका ऑनलाइन मंचावर लिहिलं. माझ्याकडे तीन दिवस आहेत, दक्षिणेत कुणाचं आकाश मोकळं असेल तर कृपया या ताऱ्याची तेजस्विता मोजा. मला उत्तराची आशा नव्हती. न्यूझीलंडमधल्या एका दंतवैद्याने त्याच संध्याकाळी मोजणी पाठवली. मग दक्षिण आफ्रिकेतल्या दोघी बहिणी, मग रियुनियन बेटावरचा एक विमानतळ कर्मचारी. छोट्या दुर्बिणी, परसदारी ठेवलेल्या. त्यांनी आपसांत वेळा वाटून घेतल्या. ढग आले की एकजण दुसऱ्याला कळवायचा. मला एकानेही विचारलं नाही की तुमची संस्था कोणती.

सगळ्या मोजण्या जुळवायला तीन आठवडे लागले. काल आलेख पूर्ण झाला.

फुगवटा आहे, भुवन. मधोमध, जिथे म्हटलं होतं तिथेच. तारा उजळला आणि पुन्हा मंद झाला. चकतीला भोक आहे.

मी स्टाफरूममध्ये एकटी होते. उभी राहिले, पुन्हा बसले. शेजारच्या वर्गात कुणीतरी ओहमचा नियम शिकवत होतं. पहिल्यांदा फार आनंद झाला. तो ओसरल्यावर त्याच्या मागून जे आलं ते आधीपेक्षा वाईट होतं. कारण छोट्या दुर्बिणीला भोक आहे एवढंच कळतं. आत काय आहे, ते कळायला तुमचीच लागते. इतके दिवस मी स्वतःला समजावत होते की कदाचित तिथे काही नव्हतंच. आता मला नक्की माहीत आहे की काय हुकलं.

मामंजींना आलेख दाखवला. ते म्हणाले, "एनम्मा, काय गं, सापडलं की! मग तोंड असं का?" मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग बराच वेळ त्या फुगवट्यावर बोट ठेवून बसले.

फेलोशिपसाठी अर्ज करणार नाही.

काव्या


मैसूर, ९ नोव्हेंबर २०२५

भुवन,

परवा तुमच्या संचालकांची मेल आली. तू स्वतः होऊन त्यांना सगळं लिहून दिलंस, ते त्यात आहे. ड्यूटी बदलून घ्यायला नको होती, विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, आणि कारण नुसतं हवामान नव्हतं. पुढचे काही महिने तुला दुर्बिणीच्या ड्यूटीवरून काढलंय, हेही आहे. आणि माझी नुकसानी भरून देता येणार नसली तरी ग्रहण सुटत असताना, या महिन्याच्या अखेरीस, दुर्बिणीचा थोडा वेळ ते मला देऊ करताहेत.

हे तू मला सांगितलं नाहीस. वाईट केलंस तेव्हाही सांगितलं नव्हतंस, चांगलं केलंस तेही सांगितलं नाहीस. मला दोन्ही कळतं ते बाहेरच्यांकडून. तुझ्याशी संसार करणं म्हणजे तुमच्या वेधशाळेची पत्रं वाचत राहणं, असं झालंय.

पण वाचलं मी ते. दोनदा. त्या डोंगरावरचं ते काम तुला किती प्रिय आहे, ते मला माहीत आहे. तुला कुणी लिहायला लावलं नव्हतं, हेही संचालकांनी मुद्दाम कळवलंय.

मी वेळ घेतला. ग्रहण सुटताना चकतीची कड ताऱ्यासमोरून जाईल. भोकात काय आहे ते त्यातून कळणार नाही, पण कड कशाची बनली आहे ते कळेल. जे मला हवं होतं ते हे नाही. तरी घेतला.

तुमच्या बातमीपत्राच्या संपादिकेनेही लिहिलंय. फुगवट्यावर एक पान हवं आहे, 'संशोधन' सदरासाठी. मी हो म्हटलं, एका अटीवर. दंतवैद्यांचं, दोघी बहिणींचं, विमानतळवाल्यांचं नाव माझ्या नावाच्या ओळीतच येईल, तळटीपेत नाही. तिने विचारलं, 'आमच्या भुवनची पत्नी' असा उल्लेख केला तर वाचकांना गोड वाटेल का. मी कळवलं, नको. काव्या जाधव, मैसूर, एवढं पुरे.

हे सगळं घेऊन मी पुन्हा अनंतकृष्ण सरांकडे गेले. म्हटलं, आठवड्यातले दोन दिवस मला बेंगळुरूच्या संस्थेत बसून या माहितीवर काम करायचं आहे, ते लोक जागा द्यायला तयार आहेत. म्हणाले, "मॅडम, मागच्या वेळी तुम्ही सुट्टी मागणार नाही म्हणाला होतात."

मी म्हटलं, "हो. आता मागतेय."

त्यांनी एक दिवस दिला. दुसऱ्यासाठी भांडण चालू आहे. पण त्या एका दिवसासाठीही मामंजींजवळ कुणीतरी हवं, आणि ते शेजारी नकोत, कामवाली नको, 'काहीतरी' नको.

तर आता नीट वाच. माझा तारा महिनाअखेरीला पुन्हा तुमच्या दुर्बिणीत येईल. त्या दिवशी तू त्या खोलीत नसणार, त्या इमारतीत नसणार, त्या डोंगरावरही नसणार. मी संचालकांना तसं लिहिलं आहे आणि त्यांनी मान्य केलंय. ड्यूटी नसलेल्या माणसाला सुट्टी मिळते, असंही त्यांनी आपणहून कळवलंय. किती दिवसांची, ते तू ठरव. काँट्रॅक्टचं काय करायचं, तेही तुझं तू ठरव. पण ठरवताना या घरात, मामंजींच्या समोर बसून ठरव, आणि मला सांगून.

माफ केलं असं यात कुठेही लिहिलेलं नाही, शोधू नकोस. मला तुझ्याशी अजून पुष्कळ भांडायचं आहे. पण ते लिहून लिहून मी थकले. माझी मराठी संपली.

तिकीट काढलंस तर मामंजींना कळव. मी तुझ्याशी अजून बोलत नाहीये.

काव्या